किती पडली?

[दृश्य : दसऱ्याची सकाळ, शोरूमचं अंगण. नारळ फुटल्याचा आवाज.]

चार चाकांखाली चार लिंबं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, काचेवर झेंडूचा हार. सीटवरचं प्लास्टिक दिवाळीपर्यंत तरी निघणार नाही. घरचे सगळे फोटोसाठी एका रांगेत उभे आहेत. गाडी अजून रस्त्याला लागलेली नाही, पण मामांचा फोन आलाय. "किती पडली?"

शोरूममध्ये या प्रश्नाला दोन उत्तरं असतात. फलकावरची एक्स-शोरूम, आणि सेल्समन नंतर कागदावर पेनानं मांडतो ती ऑन-रोड. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स. सप्टेंबर २०१८ पासून थर्ड पार्टी विमा एकदम ३ वर्षांचा. हे चुकत नाही. चुकवता येतं ते खालच्या ओळींतलं : ॲक्सेसरीजचं पॅकेज, कोटिंग, 'हँडलिंग'. विमाही शोरूममधूनच घ्यायला हवा असं नाही. बाहेरचं कोटेशन खिशात असलं की सेल्समनचा आवाज जरा मऊ होतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे ४ मीटरच्या आत, आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. ही ४ मीटरची मोजपट्टी जुनीच. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांची शेपटी कापल्यासारखी दिसते ना, ती करानं कापलीय.

[दृश्य : पावसात स्कूटरवर चौघं. जुनी छायाचित्रं.]

सगळ्यात कमी पडलेल्या गाडीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. स्कूटरवर भिजत चाललेलं कुटुंब रतन टाटांनी पाहिलं, आणि एक लाखाच्या गाडीचा विचार तिथून निघाला. जानेवारी २००८ मध्ये नॅनो जगाला दिसली, मार्च २००९ मध्ये मुंबईत तिचं विक्रीसाठी अनावरण झालं. मागे बसवलेलं ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, एकच वायपर, चाकाला तीनच नट. सुरुवातीच्या गाड्यांना डिकीचं झाकणच नव्हतं. सामान ठेवायचं तर मागची सीट पाडायची. इंजिनिअरांनी खरोखर कमाल केली होती. पण काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का बसला. गाडी दारात उभी राहते ती चारचौघांनी पाहावी म्हणूनही. स्वस्त घेतलेली चालते, स्वस्त दिसलेली चालत नाही. २०१८ मध्ये नॅनोचं उत्पादन थांबलं.

मामांचा दुसरा प्रश्न ठरलेला. "ॲव्हरेज किती देते?"

[दृश्य : पुणे, वेताळ टेकडी. एआरएआयची इमारत.]

माहितीपत्रकावरचा मायलेजचा आकडा बहुतेक वेळा इथल्या नावानं छापलेला असतो. एआरएआय, म्हणजे गाड्यांची चाचणी करणारी, १९६६ साली स्थापन झालेली संस्था. चाचणीत गाडी रोलरवर उभी राहून ठरलेल्या वेगानं धावते. आकडा खोटा नसतो. पण रोलरला सिंहगड रोडचा सिग्नल लागत नाही.

आता थोडं गणित. महिन्याला ८०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ९,६००. एक गाडी लिटरला २४ देते, दुसरी २०. वर्षाचा फरक ८० लिटर, म्हणजे आठ हजारांच्या आसपास. या आठ हजारांसाठी आपण महिनाभर घरात वाद घालतो. आणि दुसरीकडे, विम्याच्या तक्त्यात पाच वर्षांकडे आलेली गाडी निम्म्या किमतीची धरतात. सहा लाखांच्या गाडीचे तीन लाख गेले. वर्षाला साठ हजार, गाडी नुसती उभी असली तरी. त्याबद्दल मामा चकार शब्द काढत नाहीत.

[दृश्य : काळी-पिवळी टॅक्सी, मुंबई.]

बंद पडली तर? हा प्रश्न आधीच्या पिढीला विचारावा लागत नसे, कारण गाडी बंद पडणारच होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. ती कधी बिघडत नव्हती असं कुणी टॅक्सीवाला म्हणणार नाही. पण बिघडली तर नाक्यावर पाना घेऊन कुणीतरी उभा असायचा, आणि पार्ट संध्याकाळच्या आत मिळायचा. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चंही गुपित फार वेगळं नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, २०१४ पर्यंत चाललेलं उत्पादन. तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकचे हात या एका गाडीवर तयार झाले.

म्हणून गाडीचा भरवसा शोरूमच्या काचेआड कळत नाही. स्टँडवर जाऊन उभं राहा. टॅक्सीवाला कोणती गाडी घेतो, दीड लाख किलोमीटरला तिचा क्लच कितव्यांदा बदललाय, सस्पेन्शन कधी बोललं, हे तो न विचारताही सांगेल. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, तो ब्रँडच्या प्रेमात पडत नाही. आणि नवं मॉडेल आलं की पहिलं वर्ष दुसऱ्यांना चालवू द्यावं, असं माझं तरी मत आहे.

[दृश्य : तळेगाव, कारखान्याचं बंद फाटक. जुनं छायाचित्र.]

कधी गाडी ठणठणीत असते, कंपनीच जाते. पुण्याजवळ तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. शेवरोले बीट इथेच बनायची. मे २०१७ मध्ये कंपनीनं भारतातली विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट चालू राहतील असं आश्वासन होतं. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात आश्वासनाला भाव नसतो. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा हेच पुन्हा पाहिलं.

[दृश्य : क्रॅश टेस्ट, संथ गतीत.]

चौथा प्रश्न दसऱ्याच्या दिवशी विचारला तर लोक अशुभ म्हणतील. धडकली तर?

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं, भारतातल्या पाच छोट्या गाड्यांचे, एअरबॅग नसलेले प्रकार ताशी ६४ किलोमीटरनं आदळले. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. तोवर 'मजबूत' हा शब्द आपण दार लावतानाच्या आवाजावर ठरवत होतो. २०२० मध्ये टाटा टियागोला पाचपैकी चार तारे मिळाले, तेव्हा स्वस्त गाडीत हे जमतं हे दिसलं. पण २०२३ मध्ये वॅगनआरला एकच तारा मिळाला, आणि ती विक्रीत देशात पहिल्या रांगेत राहिली ती राहिलीच. दोष ग्राहकाला देता येत नाही. त्याला किंमत दिसते, ॲव्हरेज दिसतं, सर्व्हिस सेंटर कोपऱ्यावर दिसतं. तारे दिसायला काहीतरी आदळावं लागतं. ऑक्टोबर २०२३ पासून अशीच आपली स्वतःची चाचणी, भारत एनकॅप, सुरू झाली. २०२५ मध्ये अल्टो के१० सारख्या गाडीतही सहा एअरबॅग आल्या. त्यातल्या बाजूच्या दोन पुढच्या सीटच्या कडेत, शिवणीआड दडलेल्या असतात, आणि धडकेत ती शिवण फाडूनच बाहेर येतात.

[दृश्य : शोरूमचं फाटक. लिंबं चिरडल्याचा आवाज.]

गाडी निघाली. पॅकेजमधली जाड, तपकिरी सीटकव्हरं आजच घट्ट ओढून बसवलीत. ती शिवण कव्हराखाली गेली. मागच्या सीटवर आजी पट्टा हातात धरून बकल शोधतेय. नात कव्हराच्या फटीत हात घालून चाचपडते.

"राहू दे गं," आजी म्हणते, "मागे कोण लावतं?"