खालच्या फळीवरचे गोळे

नमस्कार श्रोतेहो.

संग्रहालयाच्या शस्त्रदालनात शिरलं की माणूस आधी तलवारींपाशी थांबतो. मूठ बघतो, म्यान बघतो, बरोबर पोरं असली तर "ही कोणाची?" असं विचारून ती भंडावून सोडतात. मग बंदुका, मग एखादी छोटी तोफ. आणि या सगळ्याच्या खाली, काचेच्या कपाटाच्या तळच्या फळीवर, एका ताटलीत दहा-बारा शिशाच्या गोळ्या आणि शेजारी दोन-तीन गंजके लोखंडी गोळे ठेवलेले असतात. पाटीवर एकच शब्द असतो, 'दारूगोळा'. कुठल्या काळातला, कुठे सापडला, वजन किती, काही नाही. तिथे वाकून बघणारा माणूस मला क्वचितच दिसलाय. आज आपण त्या खालच्या फळीपाशी जरा बसू.

शिशाची गोळी आधी घेऊ. शिसं 327 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे त्याला भट्टी लागत नाही, चुलीचा जाळ पुरतो. त्यामुळे तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीच्या, आणि चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकांच्या काळात शिपाई स्वतःच्या गोळ्या स्वतः ओतायचा. त्यासाठी सांडशीसारखा दोन पाकळ्यांचा साचा असे. पाकळ्या मिटायच्या, वरच्या भोकातून शिसं ओतायचं, थंड झालं की उघडायचा. आता ताटलीतली एखादी गोळी नीट बघा. तिच्या कमरेभोवती एक बारीक रेघ दिसेल, ती दोन पाकळ्यांच्या सांध्याची. एका बाजूला छोटा चपटा डाग दिसेल, तिथे ओतल्यानंतर राहिलेलं शेपूट कापलेलं असतं. रेघ आणि डाग दोन्ही असून गोळी गोल गरगरीत असेल, तर ती बहुधा उडालेलीच नाही. कोणाच्या तरी बटव्यातून पडली, हरवली. उडालेली गोळी चेपते. दगडावर आपटलेली पार पसरते, मातीत घुसलेली एका अंगाने बसते.

काही गोळ्यांवर दातांचे ठसे असतात. पूर्वी सांगायचे की जखमी शिपायाचा पाय कापताना त्याला दाताखाली गोळी धरायला देत. ऐकायला छान आहे. पण अशा ठशांचा बारकाईने अभ्यास झाला तेव्हा त्यातले बरेचसे डुकरांचे निघाले. शेतात पडलेली गोळी डुकराने मुळं उकरताना चावून टाकली, एवढंच. कोकणात राहणाऱ्याला हे पटवून द्यायला नको. डुक्कर शेतात काय काय उकरतं ते आपण दर पावसाळ्यात बघतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि इंग्रजी फौजेच्या चकमकीच्या बंदुकीची नळी पाऊण इंच व्यासाची, आणि गोळी तिच्यापेक्षा थोडी लहान, साधारण 17 ते 18 मिलिमीटर. ती मुद्दाम लहान ठेवत. बारूद जळली की नळीत काजळी साचते, चार-पाच बार झाले की घट्ट गोळी आत सरकतच नाही. सैल गोळी झटकन भरता येते, पण नेम मात्र भरवशाचा राहत नाही. म्हणून तर पलटणी खांद्याला खांदा लावून एकदम बार काढायच्या. गोळ्या मोजायची पद्धतही मजेची होती, एका पौंड शिशात किती गोळ्या होतात ते बघायचं. या बंदुकीच्या चौदाएक होत, म्हणजे एक गोळी बत्तीस ग्रॅमच्या आसपास.

बारूद म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. युरोपात शेवटी स्थिरावलेलं प्रमाण 75, 15 आणि 10. हे मिश्रण आणि गोळी कागदाच्या पुडीत एकत्र बांधली की झालं काडतूस. 1857 साली जे पेटलं त्यात याच पुडीवरच्या चरबीची वार्ता होती. ही एन्फील्ड नावाच्या बंदुकीची काडतुसं, आणि पुडी दाताने फोडायची रीत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके त्या धामधुमीत झाशीत सापडले, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्या वेळच्या कागदी काडतुसाचा नमुना कुठल्या संग्रहालयात असेल तर तो अस्सल ठेवा समजा. शिसं टिकतं, पण कागद आपल्या हवेत कुठला टिकायला!

आता लोखंडी गोळे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव ओतलेलं आहे. तोफ आपला पत्ता असा अंगावर घेऊन फिरते, गोळ्याला ते भाग्य फारसं नसतं. फार तर ब्रिटिश सरकारी गोळ्यावर रुंद टोकाच्या बाणाची खूण असते. बाकी त्याचं वय त्याच्या मापावरून आणि वजनावरून काढायचं. इंग्रजी तोफा गोळ्याच्या वजनावरून ओळखल्या जायच्या, सहा पौंडी, बारा पौंडी, चोवीस पौंडी, अशा. चोवीस पौंडी गोळा म्हणजे साधारण साडेपाच इंच व्यास आणि अकरा किलो वजन. तेवढ्याच मापाचा काळ्या पाषाणाचा गोळा निम्म्याहूनही हलका भरतो. आणि तेवढ्याच मापाचा लोखंडी गोळा सात-आठ किलोच भरला, तर तो पोकळ आहे. तो निराळा प्रकार, त्याला आपल्याकडे कुलपी गोळा म्हणत. आत बारूद, एका भोकात पेटती वात, आणि पडल्यावर किंवा पडता पडता तो फुटायचा. भरीव गोळा भिंत फोडतो, कुलपी गोळा आत जाऊन आग लावतो.

या दुसऱ्या प्रकाराने आपल्या किनाऱ्याचं नशीब दोन वर्षांत फिरवलं. 1755 च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स हर्णैसमोरच्या, आंग्र्यांच्या सुवर्णदुर्गावर आला. कुलपी गोळ्यांनी किल्ल्यातलं शाकारलेलं छप्पर पेटलं, आग दारूकोठारापर्यंत पोचली आणि कोठार उडालं. किल्ला पडला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तिथे तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला एकाला एक लागून उभं होतं. त्यात 'रिस्टोरेशन' नावाचं एक जहाज होतं, आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेलं. कुलपी गोळा पडला तो नेमका त्याच्यावर. ते पेटलं, शेजारची पेटली, आणि कान्होजींपासून उभं केलेलं आरमार जळून गेलं. या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने पेशवे होते, हे सांगताना मला आजही अवघड वाटतं, पण ते खरं आहे आणि सांगायला हवं. विजयदुर्गावर जुने तोफगोळे आजही बघायला मिळतात. ते भरीव लोखंडाचे. पण त्या दिवशी काम केलं ते फुटणाऱ्या गोळ्यांनी, आणि फुटलेल्या गोळ्याचे उरतात नुसते कपचे, ते कोणी उचलून ठेवत नाही. त्यामुळे फळीवर दिसतो तो दारूगोळा बहुतेक वेळा लढाईत उपयोगी न पडलेलाच असतो.

याहून जुना दाखला चौलचा. 1508 साली चौलच्या खाडीत पोर्तुगीजांची इजिप्तच्या ममलूक सुलतानाच्या आरमाराशी आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज याच्याशी गाठ पडली. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचा पाय गोळ्याने निकामी झाला. त्याने स्वतःला डोलकाठीच्या बुडाशी बसवून घेतलं आणि हुकूम देत राहिला, तोवर दुसरा गोळा आला. आज रेवदंड्याच्या तटावर फिरताना हे कोणी सांगत नाही, आपण सगळे सातखणी मनोऱ्यापाशी फोटो काढून परततो.

एखाद्याच गोळीच्या नशिबी मात्र मोठं नाव येतं. ट्रफाल्गरच्या लढाईत, 21 ऑक्टोबर 1805 रोजी, इंग्रजी आरमाराचा सेनापती नेल्सन याला लागलेली गोळी विंडसर कॅसलमध्ये जपून ठेवली आहे. ती त्याच्या डाव्या खांद्यातून शिरून, पाठीचा कणा भेदून पाठीच्या स्नायूंत अडकली होती. सर्जन बीटी यांनी ती काढली तेव्हा खांद्यावरच्या झालरीचे सोनेरी धागे तिला चिकटून आले, ते अजून तसेच आहेत. दिल्लीत राजघाटाजवळच्या गांधी संग्रहालयात महात्माजींचा जीव घेणाऱ्या गोळ्यांपैकी एक आहे. जालियनवाला बागेत तर भिंतीवरचे गोळ्यांचे घाव चौकटी आखून जपलेत. या वस्तूंना मोल आलं ते त्यांच्यामागची माणसं, दिवस आणि जागा पक्की माहीत आहे म्हणून. नेल्सनची गोळी चुकून दुसऱ्या ताटलीत पडली तर ती नुसतं शिसं.

आणि माझी आज जी काही तक्रार आहे ती इथेच आहे. आपल्या किनाऱ्यावर गोळे सापडतात, पण त्यांची जागा हरवते. देवगडकडच्या एका घरी ओटीवर, दाराला टेकण म्हणून ठेवलेला एक गोळा होता. चांगला नारळाएवढा, वरून ऑइल पेंटचा काळा हात दिलेला. घरातल्या आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "ह्यो माझ्या आज्यान हाडललो. खंयसून, ता काय म्हायत नाय." बाकी काही म्हणजे काही नाही. किल्ल्यातला, खाडीतला, की कोणाच्या आगरात निघालेला? तटात रुतलेला असता तर मारा कुठून झाला ते कळलं असतं. समुद्रतळावर असता तर जहाज कुठे होतं ते कळलं असतं. आता तो फक्त जड आहे.

जागेवरून काय काय कळतं याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न इथे 1876 मध्ये कस्टर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची घोडदळाची तुकडी तिथल्या मूळ रहिवाशांशी लढताना कापली गेली. 1983 साली त्या माळावरचं गवत वणव्यात जळालं, तेव्हा पुरातत्त्ववाल्यांनी धातुशोधक यंत्रं घेऊन माळ वीत वीत तपासला आणि प्रत्येक गोळी, प्रत्येक रिकामं काडतूस नकाशावर मांडलं. बंदुकीची टाचणी काडतुसाच्या बुडावर जो ठसा उमटवते तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. त्या ठशांवरून एकेक बंदूक माळावर कुठून कुठे सरकली ते त्यांनी काढलं. आधी कोणी ती काडतुसं खिशात घालून नेली असती, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

आता आपल्या हवेकडे येऊ. शिशाला गंज चढत नाही असं आपण समजतो. पण लाकडातून, नव्या प्लायवूडमधून, पुठ्ठ्यातून व्हिनेगरसारख्या आम्लाची वाफ सुटते. बंद कपाटात, त्यातून आपल्या दमट महिन्यांत, ती शिशाला खाते आणि गोळीवर पांढरी भुकटी येते. ती विषारी असते, फुंकर मारून उडवायची नाही आणि हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. म्हणून जाणकार संग्रहालयं शिसं लाकडी खणात ठेवत नाहीत.

समुद्रातल्या लोखंडाचं दुखणं याहून वाईट. बिडाचा गोळा शेकडो वर्षं खाऱ्या पाण्यात राहिला की त्यातलं लोखंड झिजून जातं आणि मागे शिसपेन्सिलीतलं असतं तसं ग्रॅफाइट उरतं. आकार तोच, वजन मात्र उतरलेलं, आणि अंग इतकं मऊ की सुरीने खरवडता येतं. असा गोळा जाळ्यात येऊन बोटीवर वाळला की तडकतो, पापुद्रे सुटतात. हवा लागून तो चक्क गरम झाल्याच्याही नोंदी आहेत. प्रयोगशाळेत अशा वस्तूंतलं मीठ काढायला महिनोन् महिने, कधी वर्षं लागतात. त्यामुळे आमच्या दर्यावर्दी बांधवांना एवढंच सांगणं, भरीव गोळा आला तर तो उन्हात टाकू नका, पाण्याच्या टपात बुडवून ठेवा, कुठल्या जागी, किती वाव पाण्यात मिळाला ते लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. रंग तर मुळीच लावू नका. रंगाखाली मीठ तसंच राहतं आणि गोळा आतून फुगतो.

मी भरीव म्हटलं, ते मुद्दाम. गोळ्याला भोक दिसलं, भोकात बूच किंवा धातूची चकती दिसली, तर हात लावायचा नाही, ठोकून बघायचं नाही, थेट पोलिसांना कळवायचं. ते बॉम्बनाशक पथक बोलावतात. बारूद म्हातारी होत नाही. 2008 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात एक अनुभवी संग्राहक यादवी युद्धातला असाच गोळा साफ करत होता, दीडशे वर्षांपूर्वीचा. तो फुटला आणि माणूस जागीच गेला.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची चीज सापडली तर कलेक्टरला कळवायचं, हा कायदा 1878 चा आणि रक्कम तेव्हाची. त्यामुळे बिडाच्या गोळ्याला कायदा लागत नाही अशा समजुतीत राहू नका. आणि संरक्षित किल्ल्यावरून तर गोळाच काय, चिराही हलवायचा नाही.

जाता जाता एक. कोकणात शेती राखायला परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका अजून घरोघर आहेत. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर परत आणायच्या, हे आपल्या अंगवळणी पडलंय. पण त्या बंदुकीबरोबरचा सरंजाम, म्हणजे छर्रे ओतायचा साचा, बारूद ठेवायचं शिंग, गज, केपांची, म्हणजे बार पेटवायच्या टोप्यांची, डबी, हे माळ्यावर पडून असतं आणि घर पाडताना भंगारात जातं. तलवार कोणी भंगारात घालत नाही, साचा सर्रास घालतात. तुमच्याकडे असा साचा असेल तर तो कोणत्या बंदुकीचा, कोण वापरायचं, एवढं कागदावर लिहून त्याच्याबरोबर बांधून ठेवा. शिंग हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर ते चुलीपासून लांब ठेवून ठाण्यात विचारा. आणि साचा चिंचेने घासून चकचकीत करायचा मोह आवरा. पाकळ्यांच्या आतल्या कडेला शेवटच्या ओतीचं शिसं चिकटून राहिलेलं असू शकतं, तपासणाऱ्याला तेच हवं असतं.

नमस्कार.