रेफरच्या चिठ्ठीवर काय लिहाल?

मी जळीत विभागात काम करतो, म्हणजे रुग्ण माझ्याकडे सगळ्यांत शेवटी पोचतो. तोवर बरंच काही ठरून गेलेलं असतं. म्हणून आज, भाजलेला रुग्ण आधी हाताळून आमच्याकडे पाठवणाऱ्या तुम्हा डॉक्टर-सिस्टरांशी, माझ्या ऑपरेशन थिएटरपेक्षा तुमच्या ड्रेसिंगच्या खोलीबद्दल जास्त बोलणार आहे.

रुग्ण आला की मी तुमची रेफरची चिठ्ठी मागतो. तिच्यावर असतं, '६० टक्के भाजले, पुढील उपचारांसाठी पाठवत आहोत.' किती वाजता भाजलं, ते नसतं. मला मात्र आधी तेच हवं असतं.

भाजलेल्या माणसाला सलाईन किती द्यायचं ते सांगणारं पार्कलँडचं सूत्र तुम्ही सगळे परीक्षेत लिहून आला आहात. वजनाच्या किलोमागे, अंगावरच्या भाजलेल्या कातडीच्या टक्क्यामागे ४ मिली रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं सलाईन. ६० किलोचा माणूस ४० टक्के भाजला, तर २४ तासांत ९६०० मिली आणि त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्यापासूनचे, दाखल झाल्यापासूनचे नव्हेत. सकाळी ११ ला भाजलेला माणूस दुपारी २ ला आला, तर ४८०० मिली ५ तासांत द्यायचंय, तासाला ९६०. अर्थात सूत्र म्हणजे सुरुवातीचा अंदाज. खरा हिशेब लघवीच्या पिशवीत सापडतो. या माणसाला तासाला साधारण ३० मिली लघवी हवी. कमी पडली तर सलाईन वाढवा, जास्त होत असेल तर बिनधास्त उतरवा. पाणी जादा झालं तर फुफ्फुसं भरतात, पोट ताठ होतं, आणि मग आम्ही भाजण्यावर नाही, तुमच्या सलाईनवर उपचार करत बसतो. एकदा एका सिस्टरने सलाईनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दर तासाची लघवी लिहून पाठवली होती. त्या पुठ्ठ्याच्या तोडीची चिठ्ठी मला क्वचितच मिळाली आहे.

टक्के बहुतेकदा जास्तच लिहिले जातात, कारण नुसती लाल झालेली कातडीही मोजली जाते. ती धरायची नाही. रुग्णाचा स्वतःचा तळवा, बोटांसकट, साधारण १ टक्का. विखुरलेल्या जखमा तशा मोजा.

भाजून ३ तास झाले नसतील तर वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको. मोठं क्षेत्र भाजलं असेल तर अंग गार पडतं, म्हणून पाणी झालं की पांघरूण घाला, अँब्युलन्समध्येसुद्धा. आणि कृपा करून ते पांढरं सिल्व्हरचं मलम थापून पाठवू नका. त्याखाली जखम किती खोल आहे ते दिसत नाही. स्वच्छ कोरडी चादर पुरते.

बंद खोलीतल्या धुरातून आलेला माणूस बोलता ठेवा. आवाज घोगरा होत चालला, थुंकीत काजळी आली, तर श्वासनलिकेत नळी घालूनच पाठवा. दोन तासांपूर्वी सहज गेली असती ती नळी सूज चढल्यावर जात नाही.

मधल्या पातळीच्या रुग्णालयातल्या सर्जनना एकच सांगणं. हात किंवा छाती सगळीकडून, गोलाकार, खोल भाजली असेल तर ती कडक कातडी आतल्या सुजेला जागा देत नाही. बोटं गार पडली, छाती हलेना, तर तुमच्याकडेच त्या कातडीला चिरा द्या. आमच्याकडे पोचेपर्यंत हात गेलेला असतो.

आमचं काम त्यानंतरचं. पूर्वी मेलेली कातडी आपोआप सुटायची वाट बघत आठवडे जायचे आणि तेवढ्यात जंतुसंसर्ग गाठायचा. झोरा यांझेकोविच या सर्जनबाईंनी १९७० साली मांडलं, की पहिल्या काही दिवसांतच ती थराथराने तासून काढा आणि लगेच ग्राफ्ट, म्हणजे रुग्णाचीच दुसरीकडची कातडी, लावा. आज आम्ही त्याच वाटेने जातो. रुग्णाची स्वतःची कातडी पुरली नाही, तर त्वचापेढीतली दान केलेली कातडी तात्पुरती झाकायला घेतो.

मग रुग्ण परत तुमच्याकडेच येतो. गळा भाजलेला असेल तर आधी उशी काढून घ्या. तो मागेल, नातेवाईक भांडतील, कारण मान पुढे वाकवली की बरं वाटतं. पण ती तशीच आखडते, आणि हनुवटी छातीला चिकटलेला माणूस सहा महिन्यांनी पुन्हा माझ्या टेबलावर येतो.