पंचहौदच्या सिस्टर्स

(दृश्य: गुरुवार पेठ, मनोरा, घंटांचे दोर)

पुण्यातलं पंचहौद मिशन म्हटलं की 1890 च्या चहाचा विषय निघतो, मिशनऱ्यांच्या घरी घेतलेल्या चहाचा. टिळक, रानडे, ग्रामण्य म्हणजे जातीचा बहिष्कार, प्रायश्चित्त. पण त्याच्या 13 वर्षं आधी, इथलं चर्च उभं राहण्यापूर्वीच, काही इंग्रज स्त्रिया पुण्यात कामाला आल्या होत्या. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या मठातल्या या सिस्टर्स. साल 1877.

(दृश्य: वाँटेजचा मठ)

मठ 1848 चा. गावचे धर्मगुरू विल्यम बटलर यांनी तो स्थापला. आठव्या हेन्रीनं इंग्लंडमधले मठ मोडले, त्याला तेव्हा तीनशे वर्षं झाली होती. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये स्त्रियांचे मठ नुकतेच पुन्हा निघू लागले होते. आत यायचं तर आधी उमेदवारी, मग नवदीक्षितेची वर्षं, शेवटी तीन व्रतं: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. पुढचा सगळा पेच या तिसऱ्या व्रतातून आला.

(दृश्य: रमाबाई आणि मनोरमा, जुना फोटो)

पंडिता रमाबाईंची या सिस्टर्सशी ओळख पुण्यातच झाली. 1883 मध्ये त्या लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन वाँटेजला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यानं ते राहिलं. सिस्टर्सनी त्यांना लंडनमध्ये फुलमला पाठवलं. समाजानं टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळत होता. ते काम बघून रमाबाईंचं मन पालटलं. 29 सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

(दृश्य: पत्रांची पानं, सावकाश)

सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या धर्ममाता. वरिष्ठांचं ऐकायचं, ही त्यांची मुरलेली शिस्त. रमाबाई भरसभेत शास्त्र्यांपुढे बोललेल्या. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धांत त्यांना पटेना. अंडं घातलेलं पुडिंग त्या खाईनात. क्रूसावर लॅटिन वचन कोरायचं ठरलं, तर त्यांनी विचारलं, आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक काय आहे?

1885 मध्ये वाद चिघळला. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं, असा बेत निघाला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात परतल्यावर तिचं वजन कमी होईल. रमाबाईंना नवल वाटलं. मायदेशी त्या पुरुषांसमोर व्याख्यानं देतच होत्या! जेराल्डीन मात्र बिशपांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. दुसरं काही करण्याची मुभा व्रतानं त्यांना ठेवलीच नव्हती. समुद्रापार जाऊन शाळा चालवणाऱ्या या स्त्रियांच्या कामातही शेवटचा शब्द बिशपांचा असे. मिशनच्या इतिहासात ही अडचण क्वचितच नीट मांडली जाते.

1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं. सिस्टर्स पुण्यात शाळा चालवत राहिल्या.

(दृश्य: छापील पुस्तकाची पानं)

या वादात दोघींनी एकमेकींना लिहिलेली पत्रं जपली जेराल्डीन यांनीच. स्वतःची कडक पत्रं आणि रमाबाईंची सडेतोड उत्तरं, दोन्ही. 1977 मध्ये ती मुंबईत छापली गेली.