निबंधात अवतरण टाकलंत, पण पुढे काय?

नमस्कार. ही वही बघा. शिक्षणावरचा निबंध आहे. अक्षर सुरेख, आणि सुरुवातीलाच महात्मा फुले. ‘विद्येविना मति गेली’पासून थेट ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’पर्यंत. त्याखाली लगेच वाक्य येतं, ‘शिक्षण ही काळाची गरज आहे.’

आता मी फुल्यांच्या ओळी हाताने झाकते. निबंध वाचा. काही अडलं? काहीच नाही. म्हणजे लिहिणारीने त्या ओळींकडून काही कामच करून घेतलेलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या ओळींच्या पोटात निबंधभर पुरेल एवढा ऐवज आहे.

त्या आल्या कुठून? ‘शेतकऱ्याचा असूड’, १८८३. हे पुस्तक शाळेवरचं नाही, शेतकऱ्याच्या दैन्यावरचं आहे. मग त्याच्या सुरुवातीलाच विद्या कशाला? हा प्रश्न तुम्हाला पडला, की तुमचा निबंध सुरू झाला.

आता क्रम बघा. विद्या, मति, नीति, गति आणि मग वित्त. पैसा पाचव्या जागी आहे! आपण एरवी लिहितो, ‘शिकलं की नोकरी लागते.’ फुले मधल्या तीन पायऱ्या गाळत नाहीत.

याच्या जोडीला इतिहासातला एक दाखला घेऊ. मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. तिथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. लोकांचा रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकावले, जाळले.

हे सगळं एका परिच्छेदात आणू. मी लिहिलेला वाचून दाखवते:

‘अविद्येचा पहिला फटका कागदावर बसतो. १८७५ साली सुप्यात आणि आसपास शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे जाळले. त्यांवर काय लिहिले आहे, हे त्यांच्यातल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हते. अंगठा मात्र त्यांचाच होता. आठ वर्षांनी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अनर्थांची साखळी मांडली, तेव्हा ‘वित्त’ ‘मति’च्या कितीतरी मागे ठेवले. पण माझी आजी निरक्षर असूनही पावसाचा अंदाज अचूक बांधते. पीकविम्याचा अर्ज मात्र ती दुसऱ्याकडून भरून घेते. तिची मति शाबूत आहे, अडली आहे ती गति.’

पहिलं वाक्य कुणाचं? लिहिणारीचं. सुप्याची हकिगत स्वतःच्या शब्दांत आहे, म्हणून तिथे अवतरणचिन्ह नाही, पण साल आणि गाव आहे. फुल्यांच्या सहाच्या सहा ओळी उतरवल्या नाहीत. दोनच शब्द अवतरणात घेतले, कारण बोलायचं होतं त्या दोन शब्दांबद्दलच.

आणि शेवटी बघा, आजी फुल्यांशी थोडा वाद घालते. घालू द्या! एवढ्या मोठ्या माणसाचं वाक्य घेतलं म्हणजे फक्त मान डोलवायची, असं नाही. त्यांचं म्हणणं आधी नीट, प्रामाणिकपणे मांडा, मग तुमचा अनुभव त्याच्याशेजारी ठेवा.

एक चूक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुस्तक समोर उघडं ठेवून ‘दैन्य’ऐवजी ‘गरिबी’ घातलं, की वाक्य आपलं होत नाही. पुस्तक मिटा. घरातल्या कुणाला तरी ती हकिगत तोंडी सांगा. सांगताना जी वाक्यं आली, ती उतरवा, आणि ती कुठून कळली त्याचं नाव द्या. व्हॉट्सॲपवर आलेलं वाक्य मूळ कुठलं हे सापडत नसेल, तर ते गाळा. त्यावाचून निबंध अडत नाही.

पुढच्या भागात याच्या खालचा परिच्छेद लिहू. १८८२ साली, इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली होती. आजीच्या त्या वाक्यानंतर ही मागणी कशी आणाल? तुमचं पहिलं वाक्य वहीत लिहून ठेवा.