कौलावरचा खडा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गोव्यातल्या चिखलीत पूर्वी चोरांच्या गोष्टी फार चालायच्या. आजी सांगायची, चोर आला की आधी कुलपाला हात लावत नाही, कौलावर खडा टाकतो. खडा घरंगळत खाली येतो आणि चोर माडाआड उभा राहून ऐकतो. कोण खाकरलं, किती वेळानं खाकरलं, दिवा कुठल्या खोलीत लागला, कुत्रं पुढच्या दारी भुंकलं की मागच्या. त्या रात्री तो चोरी करतच नाही, ऐकून घेतो आणि निघून जातो. यावर आजीचा नियम ठरलेला होता. खडा पडला की खाकरायचं, चांगलं मोठ्यानं खाकरायचं, पण दिवा लावायचा नाही.

आज बोलायचं आहे ते विमानांबद्दल. दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीशेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

१९ सप्टेंबर २०२५ रोजी रशियाची तीन मिग-३१ विमानं एस्टोनियाच्या हद्दीत शिरली. फिनलंडच्या आखातात वाइंडलू नावाचं चिमुकलं बेट आहे, त्याच्या आसपास. बारा मिनिटं आत होती. उड्डाणाची आगाऊ सूचना नाही, ट्रान्सपाँडर, म्हणजे विमानाची ओळख आपोआप सांगणारं यंत्र, बंद, रेडिओवर उत्तर नाही. एस्टोनियाकडे स्वतःची लढाऊ विमानं नाहीत. २००४ पासून नाटो या लष्करी आघाडीतले इतर देश आळीपाळीनं तिथल्या आकाशाची राखण करतात, आणि त्या वेळी पाळी इटलीची होती. इटलीची एफ-३५ उडाली आणि पाहुण्यांना बाहेर काढून आली. रशियानं सांगून टाकलं की आम्ही हद्द ओलांडलीच नाही.

आता मिग-३१ हे ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगानं जाऊ शकणारं विमान. मनात आणलं असतं तर बारा मिनिटांत एस्टोनियाच्या दुसऱ्या टोकाला पोचलं असतं. ते तसं गेलं नाही, कारण कुठं जायचंच नव्हतं. खडा टाकायचा होता.

या खड्यातून काय काय कळतं बघा. कुठलं रडार आधी जागं झालं आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर. कुठल्या तळावरून विमानं उडाली, हुकूम सुटल्यापासून चाकं जमीन सोडेपर्यंत किती मिनिटं गेली. रविवारी तोच वेळ लागतो की जास्त. वैमानिक एकमेकांशी काय बोलतात. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेची आणि रशियाची खास विमानं निव्वळ यासाठीच उडायची, पोटात बॉम्बऐवजी अँटेना आणि टेपरेकॉर्डर भरलेली. शिवाय आणखी एक माप घेतलं जातं, ते राजधानीचं. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, मित्र म्हणवणाऱ्या देशांपैकी कोणी फोन उचलायला उशीर केला. मला विचाराल तर हल्ली रडारपेक्षा हेच माप जास्त घेतलं जातं.

हद्दीबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण बातम्यांत इथं नेहमी गोंधळ होतो. १९४४ च्या शिकागो करारानं ठरवलं की देशाच्या जमिनीवरचं आणि लगतच्या समुद्रावरचं आकाश संपूर्णपणे त्या देशाचं. दुसऱ्याचं लष्करी विमान परवानगीशिवाय तिथं येऊ शकत नाही. समुद्रात ही हद्द १२ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. मीरामारच्या वाळूत उभं राहिलात तर तुम्हाला क्षितिज दिसतं ते जेमतेम पाच किलोमीटरवर. म्हणजे आपलं आकाश आपल्या नजरेच्या कितीतरी पलीकडे संपतं. आणि एक गंमत अशी की याच पट्ट्यातून परक्या जहाजाला, काही आगळीक न करता, सरळ निघून जायची मुभा आहे. विमानाला तीही नाही.

त्या २२ किलोमीटरच्या बाहेर मात्र आकाश सगळ्यांचं. बरेच देश तिथंही एक पट्टा आखतात आणि म्हणतात, इथून जाताना आपली ओळख सांगा. चीननं २०१३ मध्ये पूर्व चिनी समुद्रावर असा पट्टा जाहीर केला तेव्हा मोठा गहजब झाला होता. या पट्ट्यात येणं म्हणजे घुसखोरी नव्हे. आपल्या कुंपणाबाहेरच्या पाणंदीतून कोणी गेला तर ‘कोण रे तो?’ असं विचारता येतं, त्याच्यावर कुत्रं सोडता येत नाही. मथळे लिहिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी खूप झालं.

आता जरा अवघड गोष्ट. गोव्याच्या आकाशात असे खडे पडले होते, १९६१ च्या डिसेंबरात. आणि ते टाकणारे आपण होतो.

पोर्तुगिजांनी गोव्यात लढाऊ विमानं आणून ठेवली आहेत की नाहीत, हा तेव्हा भारतीय हवाई दलापुढचा प्रश्न होता. म्हणून ८ डिसेंबरपासून आपली विमानं किनाऱ्याजवळून घिरट्या घालू लागली. आमिष म्हणूनच. कोण वर येतं का ते बघायला. कोणीच आलं नाही, कारण वर यायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. १७ डिसेंबरला आपलं एक वॅम्पायर विमान दाबोळीवर टेहळणीला आलं, तेव्हा खालून विमानविरोधी तोफेनं पाच गोळे झाडले. वैमानिकानं झपकन उंची सोडली आणि विमान समुद्राकडे काढलं. पुढं ती तोफ आपल्या लोकांना विमानतळाच्या नियंत्रण कक्षाच्या इमारतीजवळ सापडली. तिच्या नळीच्या मागच्या तोंडात एक गोळा अडकून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं आली. मी सात वर्षांचा होतो. आईनं पेज चुलीवरून उतरवली होती आणि वाडग्यात ओतत होती. आवाज झाला तेव्हा तिचा हात हलला नाही, पेज हलली. वाडग्यात गोल गोल लाटा उठल्या, तेवढं मला स्वच्छ आठवतं. मग फळीवरची पितळी भांडी एकमेकांवर वाजायला लागली आणि आईनं मला माचाखाली ढकललं. हुकूम होता तो धावपट्टी निकामी करायचा, विमानतळाच्या इमारतीला हात न लावता. त्याच दिवशी हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र गप्प केलं. धावपट्टी मात्र पूर्ण मेली नव्हती. उरलेल्या तुकड्यावरून रात्रीच्या अंधारात पोर्तुगिजांची दोन विमानं बायकामुलांना घेऊन उडाली आणि कराचीला पोचली. त्यातलं एक कॉन्स्टेलेशन जातीचं प्रवासी विमान होतं.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी की खडा टाकणारा दर वेळी चोरच असतो असं नाही. आपल्या परीनं आपलं कारण न्याय्य होतं आणि मी त्यावर ठाम आहे. पण तंत्र तेच. आणि ज्याच्या घरावर खडा पडतो त्याची पंचाईतही तीच.

मग करायचं काय?

पाडा विमान, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. वास्कोच्या बाजारात मासळीच्या भावावरून सुरू झालेली चर्चाही दोन मिनिटांत तिथं येते. तुर्कस्ताननं ते करून बघितलं. २४ नोव्हेंबर २०१५ रोजी त्यांच्या एफ-१६ नं रशियाचं सुखोई-२४ पाडलं. पाच मिनिटांत दहा वेळा बजावलं होतं, असं तुर्कस्ताननं सांगितलं, आणि विमान हद्दीच्या आत किती वेळ होतं? त्यांच्याच हिशेबानं सतरा सेकंद. रशियानं तुर्की टोमॅटो बंद केले, पर्यटकांची चार्टर विमानं बंद केली. चार्टर बंद होणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या रशियन पाहुण्यांवर जगणाऱ्या मोरजी-हरमलच्या लोकांना समजावून सांगायला नको. पुढच्या जूनमध्ये तुर्कस्तानच्या अध्यक्षांनी खेद व्यक्त करणारं पत्र धाडलं.

आपलंही एक उदाहरण आहे. १० ऑगस्ट १९९९, कारगिलची धग अजून निवली नव्हती. पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक जातीचं टेहळणी विमान कच्छपाशी आपल्या मिग-२१ नं पाडलं. आतले सोळाही जण गेले. आपण म्हटलं, विमान आमच्या हद्दीत होतं. ते म्हणाले, आमच्याच हद्दीत सरावाला होतं. पाकिस्तान हेगच्या न्यायालयात गेला आणि २००० च्या जूनमध्ये न्यायालयानं, हा खटला ऐकायचा अधिकार आम्हाला नाही, असं सांगून तो निकालात काढला. पण एक कागद आधीपासून होता, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. १९९१ साली दोन्ही देशांनी करार केला होता की लढाऊ आणि टेहळणी विमानं एकमेकांच्या हद्दीपासून दहा किलोमीटर लांब ठेवायची. भावाभावांच्या शेतात भांडण नको म्हणून बांधालगतची एक पट्टी नांगरायचीच नाही, तसं. मला हा कागद क्षेपणास्त्राइतकाच मोलाचा वाटतो. दहा किलोमीटर सोडलेले असले की ‘चुकून आलो’ म्हणायला जागा राहत नाही.

आणि खरंच चुकून आलेला असला तर? १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं. हेरगिरीचं समजून पाडलं. २६९ माणसं. त्यानंतर शिकागो करारात नवं कलम आलं की प्रवासी विमानावर शस्त्र चालवायचं नाही. चारच वर्षांनी एक जर्मन पोरगा छोटं सेसना घेऊन थेट मॉस्कोत, लाल चौकाजवळ जाऊन उतरला. सोव्हिएत लढाऊ विमानानं त्याला वाटेत पाहिलंही होतं. पण या खेपेला कोणी घोडा दाबला नाही, आणि संरक्षणमंत्र्यांची खुर्ची गेली. झाडलं तर पाप, न झाडलं तर शाप!

म्हणून आधी बोलायचं असतं. त्यासाठी १२१.५ मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी जगभर राखून ठेवलेली आहे, आपत्तीत सापडलेल्याची हाक आणि हद्दीत शिरलेल्याला इशारा, दोन्ही तिथंच. रेडिओवर उत्तर आलं नाही तर शेजारी, जरा पुढं आणि वर जाऊन पंख हलवायचे. अर्थ असा, ‘तुला गाठलंय, माझ्यामागून ये.’ समोरच्यानंही पंख हलवले की त्याला कळलं. हे झालं खाकरणं.

आणि दिवा न लावण्याचं काय? ते जास्त कठीण. दर वेळी सगळी रडारं पेटवायची, सगळ्यात नवं विमान वर धाडायचं, हा मोह असतो. जपानला २०१६-१७ या एका वर्षात ११६८ वेळा परक्या विमानांमागं आपली विमानं वर धाडावी लागली. म्हणजे दिवसाला तीन. विमान झिजतं, वैमानिक थकतो, आणि समोरच्याकडे विमानं जास्त असली तर त्याला तेच हवं असतं. तैवाननं २०२१ मध्ये सांगून टाकलं की प्रत्येक चिनी विमानामागं आम्ही आता विमान धाडणार नाही, बऱ्याच वेळा जमिनीवरून क्षेपणास्त्रांच्या नजरेनंच पाठलाग करू. काहींनी त्याला कच खाल्ली म्हटलं. मला ते आजीचं वळण वाटलं.

पण तोंड मात्र बंद ठेवायचं नाही. बांध कोरणारा दर पावसाळ्यात वीतभरच कोरतो आणि शेजारी म्हणतो, वीतभरासाठी कुठं भांडायचं. दहा वर्षांनी तलाठ्याला घेऊन गेलात की तो विचारतो, इतकी वर्षं बोलला का नाहीत? एस्टोनियानं बारा मिनिटांचा नकाशा जगापुढं ठेवला, नाटोच्या बैठकीत ठेवला, ते यासाठी.

गेल्या महिन्यात नातवाला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात नेलं होतं. तिथं अंगणात एक कॉन्स्टेलेशन उभं आहे, आपल्या नौदलाचं, पण त्या रात्री कराचीला गेलेल्याच घराण्यातलं. वॅम्पायरही आहे. त्याच्यापाशी मी त्याला पाच गोळ्यांची गोष्ट सांगितली. अडकलेल्या गोळ्याचीही सांगितली. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “आजोबा, पण वरच्या माणसाला कळलं असेल का तोफ अडकल्याचं?”

म्हटलं, “वरून कसं कळणार? त्याला पाच आवाज आणि मग शांतता.”

“म्हणजे त्याला वाटलं असेल की ते मुद्दाम थांबलेत.”

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडे नौदलाच्या हंसा तळावरून मिग उडालं आणि आम्ही दोघांनी कानांवर हात ठेवले.

नमस्कार.