सॉफ्टवेअरचं भांडण आणि करारातलं शेवटचं कलम

(हातात कराराची प्रत, शेवटचं पान उघडं)

नमस्कार मंडळी! भांडण झालं तर ते कुठे, कसं मिटवायचं, हे करारातल्या या शेवटच्या पानावर असतं. हे पान कोणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं. एका गिऱ्हाईकाकडे शेवटचा हप्ता अडकला, तेव्हा वाचलं.

समजा, म्हापशाचा डेव्हलपर, कळंगुटचं हॉटेल. बुकिंगचं सॉफ्टवेअर डिसेंबरच्या सीझनआधी हवं होतं. हॉटेलवाले म्हणतात, बग आहेत. हा म्हणतो, बग कसले? ही नवी मागणी, करारात नव्हतीच. पैसे त्यांच्याकडे, सोर्स कोड याच्याकडे. दोघेही अडून.

कोर्ट बहुधा एवढंच सांगेल, कोणी कोणाला किती द्यायचे. मध्यस्थीत मात्र असंही ठरतं: चार दुरुस्त्या पंधरा दिवसांत, मग अर्धे पैसे, कोड हातात पडला की उरलेले. सीझन वाचतो! मध्यस्थ निकाल देत नाही, तोडगा तुमचाच. तरी सह्या झाल्या की तो पाळावा लागतो.

आणि व्यावसायिक वाद 3 लाखांचा किंवा त्यावरचा असेल, तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे बंधनकारक ठरवलं.

नाहीच जमलं, तर लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी निवाडा देणारा त्रयस्थ. इथे निवाडा होतो, आणि तो आवडला नाही म्हणून कोर्ट सगळी केस पुन्हा ऐकत नाही. म्हणून लवाद कोण, हे महत्त्वाचं. ‘लवाद आमचे संचालक नेमतील’ असं कलम दिसलं तर घाबरू नका. ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही, हे 2019 पासून स्पष्ट आहे.

खरी मेख लवादाच्या ‘स्थाना’त. नेटवरून उचललेल्या करारात तिथे चक्क सिंगापूर असतं! सुनावणी व्हिडिओवर झाली तरी निवाड्याला आव्हान द्यायचं कोर्ट या स्थानावरून ठरतं. पंचवीस हजारांच्या वेबसाइटसाठी सिंगापूर? पणजी लिहा की!

आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘एवढंही करून टाक रे’ पुसू नका. लवादासमोर तोच तुमचा पुरावा.

(पान कॅमेऱ्यासमोर धरून)

हे माझं नवं कलम: आधी मध्यस्थी, मग लवाद एकच, स्थान पणजी. भाषाही आपणच ठरवायची असते. मी मराठी लिहिलंय.