अपेन्झेलच्या चौकातील हात

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पूर्व स्वित्झर्लंडमधील अपेन्झेल गावात चौकातल्या मतदानासाठी पुरुष कमरेला तलवार किंवा जुनी संगीन अडकवून घराबाहेर पडतात. हे शस्त्र लढण्यासाठी नसते. तेच त्यांचे मतदार-ओळखपत्र असते. बापाकडून मुलाकडे आलेली ती तलवार दिसली की दोरीने आखलेल्या रिंगणात प्रवेश मिळतो, वेगळा कागद लागत नाही. शेजारी उभ्या असलेल्या स्त्रियांच्या हातात मात्र छापील मतदानपत्र असते, कारण आईने लेकीकडे तलवार सोपवण्याची रीत येथे कधी नव्हतीच.

हे गाव ज्यात येते तो अपेन्झेल इनररोडन हा स्वित्झर्लंडमधील सर्वांत कमी लोकसंख्येचा कँटन, म्हणजे घटकराज्य, आहे. जेमतेम सोळा हजार माणसे. 1597 मध्ये धर्माच्या प्रश्नावरून मूळ अपेन्झेलची दोन शकले झाली. प्रोटेस्टंट भाग आउसररोडन म्हणून वेगळा झाला आणि कॅथलिक भाग इनररोडन म्हणून उरला. येथे राजकीय पक्षांपेक्षा शेतकरी, व्यावसायिक आणि कामगार यांच्या संघटनांना अधिक वजन आहे. कोणत्या पक्षाचा, यापेक्षा कोणाचा मुलगा, हे आधी विचारले जाते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या चौकात भरणाऱ्या जनसभेला ‘लान्ड्सगेमाइंडे’ म्हणतात. चर्चमधील प्रार्थनेनंतर अधिकाऱ्यांची मिरवणूक चौकात येते, शपथ होते, मग एकेक विषय मांडला जातो आणि लोक हात वर करतात. हात मोजले जात नाहीत. लाकडी मंचावरून नजरेच्या अंदाजानेच कौल जाहीर होतो, आणि अंदाज बांधता आला नाही तरच प्रत्यक्ष मोजणी होते. आपल्याकडील ग्रामसभेत बसलेल्या कोणालाही यातली मेख लगेच कळेल: हात वर करण्यापूर्वी नजर आधी डावीकडे जाते, मग उजवीकडे, आणि मग हात.

1959 मध्ये स्वित्झर्लंडमधील पुरुषांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा इनररोडनमध्ये सुमारे 95 टक्के मते विरोधात पडली. ती मते गुप्त होती, त्यामुळे सारा दोष शेजाऱ्यांच्या नजरेवर टाकून मोकळे होता येत नाही. 7 फेब्रुवारी 1971 रोजी देशाने अखेर होकार दिला. इनररोडनने मात्र तेव्हाही बहुमताने नकारच दिला. त्या निकालाने येथील स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मत मिळाले. म्हणजे बर्नमधील देशाच्या संसदेत कोणाला पाठवायचे हे त्या ठरवू शकत होत्या, पण स्वतःच्या कँटनचे सरकार निवडताना त्यांनी रिंगणाबाहेर उभे राहायचे. मतपेटी दिली, चौक दिला नाही.

हा चौकच खऱ्या भांडणाचे मूळ होता, असे आम्हाला वाटते. रिंगणात इतकी माणसे मावणार नाहीत, घरात एकाने मत दिले की पुरे, तलवारीच्या परंपरेचे काय, हे आक्षेप वरवर व्यवस्थेचे वाटतात. पण ज्या सभेत वडील, आजोबा आणि पणजोबा उभे राहिले, ती सभा तशीच राहावी, हा हट्ट त्यांच्या मुळाशी होता. 1973 मध्ये नकार, 1982 मध्ये नकार आणि 29 एप्रिल 1990 रोजी पुन्हा नकार. त्याच्या आदल्याच वर्षी शेजारच्या आउसररोडनमधील पुरुषांनी होकार दिला होता.

पेच अखेर संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. कँटनच्या 1872 च्या राज्यघटनेत मतदारांसाठी ‘लान्डलॉइटं’, म्हणजे या भूमीची माणसे, असा शब्द होता. पुरुषांनी त्याचा अर्थ शतकभर आपल्यापुरताच लावला होता. देशाच्या राज्यघटनेत 1981 मध्ये समानतेचे कलम आले असल्याने या शब्दात स्त्रियाही येतात, असा निर्णय न्यायालयाने 27 नोव्हेंबर 1990 रोजी दिला. राज्यघटनेतील शब्द बदलावा लागला नाही. तो नव्याने वाचावा लागला, इतकेच. पुढच्या एप्रिलमध्ये स्त्रिया प्रथमच रिंगणात उतरल्या.

त्यानंतरची गोष्ट विरोधकांनी वर्तवलेल्या दिशेने गेली नाही. 1996 मध्ये याच चौकाने, याच उंचावलेल्या हातांनी, रूथ मेट्झलर या तरुण महिलेला कँटनच्या सरकारात खजिनदार म्हणून निवडले. मार्च 1999 मध्ये त्या देशाच्या सात सदस्यांच्या मंत्रिमंडळात पोहोचल्या.

म्हणून अपेन्झेल बदलले, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. 1992 मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रात जाण्यास आणि 2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्य होण्यास या कँटनने ठाम विरोध केला. 2009 मध्ये मशिदींचे मिनार बांधण्यावरील बंदीला येथे भरघोस पाठिंबा मिळाला. समलिंगी विवाहाच्या 2021 मधील सार्वमतात मात्र देशातील प्रत्येक कँटनने होकार दिला आणि इनररोडनही त्यात होते, अगदी निसटत्या बहुमताने. ते मतदान चौकात झाले नव्हते.

चौकातील सभा आजही भरते. सभेपूर्वी दोरी बांधली जाते आणि प्रवेशाच्या जागी उभा असलेला माणूस कमरेची तलवार किंवा हातातले मतदानपत्र पाहून एकेकाला आत सोडतो.